तलवारींच्या पुढे: घरचं ट्रेबुशे

सरदार-किल्ल्यांचं वेड लागलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला प्लास्टिकच्या तलवारीपलीकडे काय द्यावं, असा प्रश्न आहे. माझं ठाम मत: आइस्क्रीमच्या काड्यांचं ट्रेबुशे (वजनाच्या जोरावर दगड फेकणारं मध्ययुगीन यंत्र) करू द्या. आसाच्या एकीकडे दांड्याची आखूड बाजू एक भाग, दुसरीकडे लांब बाजू चार भाग. आखूड टोकाला नाण्यांची पुरचुंडी, लांब टोकाला दोऱ्याची गोफण. टोकावरचा, गोफण अडकवायचा खिळा किंचित पुढे वाकवला की गोफण उशिरा सुटते, कागदाचा बोळा भलतीकडेच पडतो. मुलं यातच रमतात!

सोबत स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्याच्या १३०४च्या वेढ्याची गोष्ट सांगा. किल्ला शरण येत असतानाही इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने आपलं अजस्र ट्रेबुशे ‘वॉरवुल्फ’ आधी चालवून घेतलं. फ्रान्समध्ये गेदलाँला १९९७पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीने किल्ला बांधताहेत, त्याचेही फोटो जरूर दाखवा.