मागचा कॅरियर: भोकं नसलेल्या फ्रेमसाठी पी-क्लिप

सायकलच्या फ्रेमला कॅरियर लावायला भोकं नसतील तर काय करायचं, या प्रश्नावर 'सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) आवळायचा कॅरियर घ्या, विषय संपला' असं कुणीतरी म्हटलंय. ऑफिसचा डबा आणि कपडे एवढंच न्यायचं तर ठीक. पण तंबू घेऊन अलिबाग-मुरुडकडे जायचं असेल तर नको. असे बरेचसे कॅरियर दहाएक किलोपुरतेच असतात, सगळा भार एकाच क्लँपवर लोंबकळतो आणि खड्ड्यांत तो हळूहळू एका बाजूला फिरतो. कार्बन सीटपोस्टला तर लावूच नका.

पी-क्लिपचं नाव अजून कुणीच काढलं नाही. आतून रबर असलेली ही पट्टी मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर दुकानांत शोधा, फक्त सीटस्टेची (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्यांची) जाडी आधी मोजून जा. सैल क्लिप कितीही आवळली तरी घसरतेच. खाली सीटस्टेवर दोन क्लिपा शक्य तितक्या मागच्या अ‍ॅक्सलजवळ, त्यांच्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा, आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यांनी सैल न होणारा). वर सीटचा क्लँप काढून कॅरियरसाठी भोकं असलेला कॉलर बसवा. मग साधा, खालून आधार असलेला कॅरियर पक्का बसतो. हे धातूच्या फ्रेमच्या हार्डटेलसाठीच (म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल). फुल सस्पेन्शनमध्ये मागचा भाग हलतो, तिथे हा जुगाड चालणार नाही.

हँडलबारला आडवी ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) बांधणाऱ्यांनी टायर आणि बॅगमधलं अंतर बघाच. पुढचा १०० मिमी दबणारा सस्पेन्शन फोर्क पूर्ण दबला की बॅगही तेवढीच खाली येते आणि टायरला घासते. अलिबागकडे जायला भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट पकडण्याआधी सामान लादून गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून एक चक्कर मारा, काय सैल आहे ते लगेच कळतं.