भूलतज्ज्ञाच्या शिक्षणात तालुक्यातल्या कामाला जास्त वेळ हवा की नको?

खानापूरकर:
एमडी ॲनेस्थेशिया, म्हणजे भूलतज्ज्ञाचं शिक्षण, तीन वर्षांचं. त्यात जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातली सक्तीची रेसिडेन्सी (तिथे काम करत शिकणं) फक्त तीन महिने, तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये कधीतरी. बाकी सगळा काळ कॉलेजच्या ऑपरेशन थिएटरात नाहीतर आयसीयूत, पाठीशी सिनियर, शेजारी रक्तपेढी. आपल्याकडे मात्र भूल द्यायला कोणी नाही म्हणून सिझरची बाई रात्री ॲम्ब्युलन्समध्ये घालून बेळगावला पाठवावी लागते. तीनाचे सहा महिने करा, निम्मे तालुक्याला द्या.

सेकंड इयर रेसिडेंट:
दादा, कळकळ पटते, मागणी पटत नाही. स्पायनलनंतर, म्हणजे पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केल्यावर, बीपी पडलं की बाईला डाव्या कुशीकडे कलतं करायचं, बीपी वाढवणारं मेफेंटरमिन द्यायचं, हे फर्स्ट इयरलाच हातात बसतं. पण स्पायनल फेल गेलं तर? बाई घरून भात जेवून आलेली, म्हणजे पोटातलं उलटून फुफ्फुसात जायची भीती, गरोदरपणात घसा आतून सुजलेला, पूर्ण भूल देताना श्वासाची ट्यूब पहिल्या प्रयत्नात जायला हवी. नाही गेली तर लगेच दुसरा अनुभवी हात लागतो. तिथे तो कुणाचा?

खानापूरकर:
एकटं सोडा असं मी म्हटलेलंच नाही. रेसिडेंटबरोबर सिनियरही पाठवा.

चिकोडीची सिस्टर:
सिनियर असता तर हा धागा निघालाच नसता की! तुम्ही भरतीचं दुखणं शिकणाऱ्या पोरांच्या गळ्यात बांधताय. एमबीबीएस डॉक्टरांना प्रसूतीपुरती भूल शिकवायचं सरकारी ट्रेनिंग आहे, दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. त्यातून माणसं तयार करा आणि कायमची नेमा. पण एका बाबतीत खानापूरकरांच्या बाजूने आहे. ऑपरेशनआधीच्या तपासणीत लांबून आलेला रेसिडेंट कन्नडमध्ये विचारतो, कधी जेवलात, दात हलतो का, दम्याचा पंप घेता का. आमची मराठी म्हातारी सगळ्याला मान हलवते. हलणारा दात ट्यूब टाकताना निखळून श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेततं. हे इथे राहूनच कळतं.

सेकंड इयर रेसिडेंट:
सिस्टर, हे शंभर टक्के मान्य. तरी वाढीव तीन महिने आणायचे कुठून? हार्ट, न्यूरो (मेंदू), लहान मुलं, पेन क्लिनिक (जुनाट दुखण्यावरचे उपचार), हे सगळं शिकायचं, त्यात थीसिस. लहान बाळाला भूल देणं तालुक्यात शिकायला मिळत नाही, आणि तो हात कच्चा राहिला तर पुढे तालुक्यालाच भोगावं लागेल.

खानापूरकर:
मग थीसिसचा वेळ कापा. माझ्या गावच्या बाईला थीसिस नको, रात्री दोनला भूल देणारा माणूस हवाय.