‘आमचं’ हिलब्रो की ‘आपलं’ हिलब्रो?

गोदाकाठी:
मंडळी, अडलेय. आमच्या नाशिकच्या वाचनकट्ट्यावर या खेपेस दक्षिण आफ्रिका आहे. कुट्सी, गॉर्डिमर बहुतेकांचे वाचून झालेत, म्हणून मी फास्वाने म्पेची ‘वेलकम टू अवर हिलब्रो’ (२००१) उचलली. छोटीशीच कादंबरी आहे; हिलब्रो म्हणजे जोहान्सबर्गमधली एक वस्ती. त्यातली सहा-सात पानं मराठीत करून वाचून दाखवायचीत आणि गाडी शीर्षकातच रुतली. ‘अवर’चं काय करू? ‘आमच्या हिलब्रोत स्वागत’ की ‘आपल्या हिलब्रोत’? दोन्ही लिहून पाहिलं, दोन वेगळी पुस्तकं वाटतात. शिवाय बहुतेक कादंबरी ज्याला उद्देशून आहे तो मेलेला आहे. त्याला तू म्हणू की तुम्ही?

सरळसोट:
‘आमच्या’च. स्वागत यजमान करतो, पाहुणा नाही. ‘आपल्या गावात तुमचं स्वागत’ असं कुणी म्हणतं का? बदला की लगेच.

बेझव्हॅलीकर:
गोदाकाठीताई, घाई करू नका. तुमची ही अडचणच त्या पुस्तकाचा विषय आहे असं मला वाटतं.

मी जोहान्सबर्गला सात वर्षं होते, २००७ ते २०१४. घर केन्सिंग्टनला, खाली बेझ व्हॅली. ओट्याशी उभं राहिलं की खिडकीतून तो पाँटेचा गोल मनोरा दिसायचा, ५४ मजली, वर मोबाइल कंपनीची जाहिरात. त्याच्या बाजूलाच हिलब्रो. ऑफिसातल्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, तिकडे गाडी थांबवायची नाही. लोडशेडिंगचं त्यांना फार अप्रूप, ते मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आम्ही किराणा आणायचो तिथल्या पार्किंगमध्ये पिवळं जाकीट घातलेला एक कार गार्ड असायचा. काँगोतल्या लुबुम्बाशीचा. तिकडे शाळेत भूगोल शिकवायचा. इथे आमच्या गाड्या मागे घेताना हात हलवायचा, आणि आपण पाच रँड हातावर ठेवायचे. त्याचा फोन वाजला की तो दोन गाड्यांच्या मध्ये जाऊन, पाठ करून, अगदी हळू बोलायचा. मला वाटायचं बायकोचा फोन असेल, लाजत असेल. पुढे कळलं, फ्रेंच आणि स्वाहिली चारचौघांत कानावर पडू नये म्हणून. कारण २००८चा मे महिना त्याने तिथेच काढला होता. जोहान्सबर्गमधल्या अलेक्झांड्रा या वस्तीपासून परदेशी आफ्रिकनांवर हल्ले सुरू झाले, ६२ माणसं गेली. कोपराला तिथल्या झुलू भाषेत काय म्हणतात ते सांग, असं विचारून माणसं पारखली गेली. त्या ६२ जणांतले २१ दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते.

म्पेचं पुस्तक याच्या सात वर्षं आधीचं. त्यात ‘मक्वेरेक्वेरे’ हा शब्द सतत येतो. परक्यांची भाषा कानाला ‘क्वेरे क्वेरे’ अशी लागते, म्हणून ते मक्वेरेक्वेरे. त्याचं कृपा करून ‘परप्रांतीय’ करू नका, तो शब्द पुढाऱ्यांच्या निवेदनात शोभतो. आपल्याकडे दाक्षिणात्य बोलीला ‘यंडुगुंडू’ म्हणतात ना, जात तीच. तरी मी मूळ शब्दच ठेवीन. पहिल्यांदा आला की कट्ट्यावर एकदा ‘यंडुगुंडू’ची आठवण करून द्या, सगळ्यांना बरोबर टोचेल.

आता ‘अवर’. तुम्ही म्हणता तो मेलेला म्हणजे रेफेन्त्शे, तो तिरागालाँग या खेड्यातून हिलब्रोत शिकायला येतो. त्याचा चुलतभाऊ पोलिसात आहे, आणि हिलब्रोची सगळी घाण परदेशी लोकांनी केली हे त्याचं पालुपद. रेफेन्त्शेचं म्हणणं, अरे, इथे मूळचं आहे कोण? आपणही खेड्यातूनच पोटासाठी आणि शिकायला आलोय. म्हणजे चुलतभावाचं हिलब्रो ‘आमचं’ आणि रेफेन्त्शेचं ‘आपलं’. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, मराठीला मात्र निवड करावी लागते. आणि पुढे हे ‘अवर’ पसरत जातं. त्याच्याच गावची रेफिल्वे ऑक्सफर्डला जाते, नायजेरियन माणसाच्या प्रेमात पडते, दोघांना एचआयव्ही निघतो, ती मरायला गावी परतते. तेव्हा ऑक्सफर्डही ‘अवर’, आणि शेवटच्या ओळीत तर स्वर्गसुद्धा. ‘आमच्या स्वर्गात स्वागत’ म्हणून पाहा बरं मोठ्याने. पुढाऱ्याच्या फलकासारखं वाटतं.

आणि ‘तू’च. ‘तिरागालाँगच्या लेकरा’ अशी हाक आहे पहिल्याच वाक्यात. लेकराला कुणी अहो-जाहो करतं का!

तिरकस:
ताईंचा प्रतिसाद आवडला, पण ‘आपल्या’ने पुस्तक गोड होतं त्याचं काय? सुरुवात आठवा. तू असतास तर १९९८च्या विश्वचषकात बफाना बफाना, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा फुटबॉल संघ, फ्रान्सकडून हरले याचं तुला बरंच वाटलं असतं. का? तर जिंकले की हिलब्रोत गॅलऱ्यांमधून बाटल्या बरसतात, हरले तर घरी सुखरूप पोचता येतं. असल्या ठिकाणी ‘वेलकम’ म्हणणारा माणूस दात विचकून म्हणतोय. ‘आपल्या’त तो डंख कुठे? आणि कट्टा पेलणार असेल तर तिकडच्याच डेमन गालगुटची ‘द प्रॉमिस’ ही कादंबरी घ्या (२०२१चं बुकर). सलोमी नावाच्या मोलकरणीला घर द्यायचा शब्द, आणि दशकं उलटली तरी गोरं कुटुंब तो पाळत नाही. ‘आमचं’चा खरा अर्थ तिथे कळतो.

बेझव्हॅलीकर:
गालगुट उत्तमच, वाद नाही. पण तो घराच्या आतून लिहितो, दार न उघडणाऱ्यांच्या बाजूने. म्पे रस्त्यावरून. कट्ट्यावर आधी रस्ता घ्या.

डंखाचं म्हणाल तर ‘आपलं’ गोड असतं हे कुणी सांगितलं? ‘आपलीच माणसं’ आपण कधी म्हणतो ते आठवा. बहुतेक वेळा कपाळावर हात मारूनच.

पाँटेचं आणखी एक, कट्ट्यावर पडद्याची सोय असेल तर दाखवा. सुबोत्स्की आणि वॉटरहाउस या दोन कलावंतांनी त्या इमारतीतलं दार न् दार, खिडकी न् खिडकी आणि घराघरातला चालू टीव्ही, असे फोटो काढून एकावर एक मांडलेत, मजल्यांच्या क्रमाने. दारं जवळजवळ सारखीच. टीव्हीवर मात्र कुठे मारामारी, कुठे प्रवचन, कुठे नुसत्या मुंग्या.

गोदाकाठी:
ठरलं. चुलतभावाच्या तोंडी ‘आमचं’, बाकी सगळीकडे ‘आपलं’. पहिलं वाक्य सकाळपासून चार वेळा खोडलं. आत्ता असं आहे: ‘तिरागालाँगच्या लेकरा, रेफेन्त्शे, तू आज असतास ना, तर…’ तो ‘ना’ ठेवू का?

बेझव्हॅलीकर:
ठेवा. त्या ‘ना’पाशी वाचताना क्षणभर थांबा फक्त.