मदत हवी आहे: धूळ थांबत नाही, जाळी की प्युरिफायर?

लश्करकर: सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. आई रात्रभर खोकते. रोज घरासमोर पाइपनं पाणी मारतो, तासाभरात पुन्हा तेच. जाळी लावू की एअर प्युरिफायर घेऊ? उद्या बाजारात जायचंय, लवकर सांगा.

पहाटवारा: शहर कुठलं? मजला? रस्ता डांबरी की खणलेला?

लश्करकर: लश्कर म्हणजे ग्वाल्हेरच ना! तळमजला. सीवरसाठी खणला होता, माती तशीच कडेला लोटलीय.

राजवाडा_इंदूर: आमच्याकडे रात्री झाडायची मशीन फिरतात. 2017 पासून ओळीनं सात वर्षं स्वच्छतेत पहिले होतो. मशीनची मागणी करा.

पहाटवारा: कचरा उचलला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा खराब असलेली शहरं घेतलीत, त्यांत ग्वाल्हेर आहे आणि तुमचं इंदूरही आहे.

राजवाडा_इंदूर: मग काय झाडूच नये?

सावली: गाडीचा एअर फिल्टर दर सर्व्हिसला तपासत जा, धुळीनं मायलेज पडतं.

लश्करकर: माझ्याकडे गाडीच नाही. कृपया विषयावर बोला.

गाळमाप: पाणी मारणं बंद करा. माती वाहून नालीत बसते, नाली तुंबली की तोच गाळ काढून कडेला टाकतात, वाळला की चाकांखाली दळला जाऊन पुन्हा तुमच्या घरात. कोरडा झाडूही तसाच, जाड खडे जातात आणि बारीक उडते. ढीग उचलायला लावा, 181 वर (मुख्यमंत्री हेल्पलाइन) तक्रार नोंदवा. घरात कोरडं झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. साधी डासांची जाळी ही धूळ अडवत नाही. आता सांगा, चिमटीत घेतली तर रव्यासारखी लागते की मैद्यासारखी? मैद्यासारखी असेल तर ती छातीत उतरते. पुढच्या आणि मागच्या खिडकीत एकेक ओलं पांढरं फडकं दिवसभर टांगा. मगच पैसे खर्चा.

मोगरा: तुळशीच्या चार कुंड्या ठेवा, आमच्याकडे फरक पडला.

पहाटवारा: कुंड्यांनी खोकला थांबत नाही हो. आईंना छातीच्या डॉक्टरांकडे नेलंत का?

लश्करकर: उद्या नेतोय. फडकी टांगली होती. पुढचं काळपट, खरखरीत. मागचं पिवळसर, अगदी मैद्यासारखं, आणि तेच जास्त भरलंय. आई मागच्याच खोलीत झोपते.

गाळमाप: मागे काय आहे?

लश्करकर: बोळ. पलीकडे वालुकाश्माची फरशी कापतात, पण ते तर वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणून लिहिलं नाही.

गाळमाप: अहो, तेच आधी सांगायचं! वालुकाश्मात सिलिका (वाळूचा मुख्य घटक) भरपूर असते, ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. आजच आईंना पुढच्या खोलीत हलवा, मागची खिडकी बंद. डॉक्टरांना फरशीचं नक्की सांगा. आणि पाहून या, पात्यावर पाणी सोडून कापतात की कोरडंच?

लश्करकर: कोरडंच. आत्ताच बघून आलो. कापणाऱ्या पोरांच्या तोंडाला फडकंसुद्धा नाही.