नदी अख्खा डोंगर फोडून आरपार कशी काय जाते?

हिमालयाचा नकाशा बघत बसलो होतो आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यात बसेना. सिंधू, सतलज, अरुण या नद्या रांगेच्या पलीकडे तिबेटात उगम पावतात आणि मग अख्खी रांग चिरून अलीकडे येतात. पाणी तर उताराकडे जातं ना, मग समोर एवढी भिंत असताना नदी वळून का नाही गेली?

उत्तर १
कारण भिंत नंतर आली, नदी आधीपासून वाहत होती. करवत एका जागी धरून ठेवा आणि लाकूड खालून हळूहळू वर सरकवत राहा, तसं. भारत आणि आशिया ज्यांवर आहेत त्या प्लेटांची (पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांची) टक्कर होऊन साधारण ५ कोटी वर्षं झाली, डोंगर वर येतो तो वर्षाला काही मिलिमीटर, आणि भरपूर पाण्याच्या नदीला तेवढं कापणं जमतं. सिंधू आणि सतलज अशाच, यांना पूर्ववर्ती नद्या म्हणतात. आणि कापतं ते नुसतं पाणी नाही हं, दगडगोटे कापतात. नदीपात्रातले रांजणखळगे बघा, आत हात घातला की तळाशी गुळगुळीत गोटे लागतात, पुरात तेच गरगर फिरून खडक कोरतात.

उत्तर २
वरचं पटलं, पण अरुणला सरसकट लावू नका. २०२४ च्या एका अभ्यासानुसार साधारण ८९,००० वर्षांपूर्वी तिचा तिबेटातला प्रवाह कोसीच्या खोऱ्याला येऊन मिळाला, म्हणजे चक्क नदीचौर्य, एका नदीने दुसरीचं पाणी पळवणं. पाणी एकदम वाढलं, घळई खोल झाली, ढिगाने खडक वाहून गेला, वजन कमी झाल्यावर आजूबाजूचं भूकवच (पृथ्वीचा वरचा खडकाळ थर) वर आलं, आणि त्यामुळे एव्हरेस्ट १५ ते ५० मीटर जास्त उंच झालं असा त्यांचा हिशोब आहे. मला तर हे वाचून रात्रभर झोप लागली नाही, नदीमुळे शिखर वाढतं!

प्रश्नकर्ता
थांबा थांबा, झिजल्यावर उंची वाढते? कसं शक्य आहे?

उत्तर २
सरासरी उंची कमीच होते. भूकवच खालच्या जड प्रावरणावर, म्हणजे कवचाखालच्या थरावर, तरंगतंय असं समजा, माल उतरवला की होडी वर येते ना. सगळीकडून सारखा १००० मीटर थर काढला तर जमीन साधारण ८०० मीटर वर येईल, म्हणजे २०० मीटरचा तोटाच. पण नदी फक्त दऱ्यांतून काढते, शिखराला फारसा हातच लावत नाही, आणि वर मात्र सगळा भाग एकत्र उचलला जातो.