मदत हवी आहे: डीएक्स टेस्टमधला संथ मोर्स वॉटरफॉलवर दिसतो, पण वाचता येत नाही

मंडळी, इथे कोणी हॅम (हौशी रेडिओवाला) किंवा मध्यम लहरींचं वेड असलेलं आहे का?

मी न्यू जर्सीत असतो. इकडच्या एएम स्टेशनांना मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत यंत्रणेच्या चाचण्या करायची मुभा असते. काही हौशी इंजिनियर त्यातच लांबच्या श्रोत्यांसाठी डीएक्स (लांब पल्ल्याची) टेस्ट ठेवतात: स्वीप टोन (चढत-उतरत जाणारा सूर), मोर्समध्ये कॉलसाइन (स्टेशनाची ओळख-अक्षरं) वगैरे. परवा ओहायोतल्या एका स्टेशनाची होती, १२४० किलोहर्ट्झ, १ किलोवॉट. १२४० हा 'ग्रेव्हयार्ड' चॅनल. रात्री आयनांबरातला डी थर विरला की देशभरातली छोटी स्टेशनं एकमेकांच्या उरावर बसतात, धड एक वाक्य हाती लागत नाही. म्हणून त्यांनी १००० हर्ट्झच्या टोनवर मोर्स अगदी रेंगाळत पाठवला. टिंब सेकंदाचं, रेघ तीन सेकंदांची.

कानाला काहीच लागलं नाही. वॉटरफॉलवर (कुठल्या फ्रीक्वेन्सीला कधी सिग्नल होता ते दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) मात्र कॅरिअरच्या (स्टेशनाच्या मूळ लहरीच्या) वर १ किलोहर्ट्झला तुटक रेषा स्पष्ट आहे. पहिल्या अक्षराला दोन रेघा दिसतात, म्हणजे 'एम'. पण इकडचे कॉलसाइन 'के' किंवा 'डब्ल्यू'नेच सुरू होतात, तेव्हा 'डब्ल्यू'चं पहिलं टिंब गळालंय असं मानायचं का? स्टेशन कुठलं हे आधीच माहीत असल्यामुळे माझा माझ्याच डोळ्यांवर भरवसा नाही. एवढ्यावर स्टेशनाला रिसेप्शन रिपोर्ट (तुमचं स्टेशन इथे मिळालं, अशी नोंद) पाठवावा का?

बाल्कनीत लूप अँटेना, एसडीआर (संगणकावर चालणारा रेडिओ), एजीसी (सिग्नलची पातळी आपोआप सावरणारी सोय) बंद. सॅम्पलिंग सेकंदाला ४८०००, एफएफटी (वॉटरफॉलची एक पट्टी काढायला घेतलेले नमुने) १३१०७२. आयक्यू फाईल (सिग्नलचं कच्चं रेकॉर्डिंग) जपून ठेवली आहे.

प्रतिसाद, पुण्याहून:

टिंबं फेडिंगने (सिग्नल मध्येच मंदावल्याने) नाही, एफएफटीने खाल्ली असणार. १३१०७२ ला ४८००० ने भागा: एकेक पट्टी २.७ सेकंदांची सरासरी आहे. त्यात सेकंदाचं टिंब पुसट होणारच, रेघ तेवढी तगते. ३२७६८ वर आणा, खिडकी ०.६८ सेकंद होईल. रेषा जाड दिसेल, दिसू द्या. एफएफटी वाढवली की चित्र देखणं होतं आणि सगळे त्यालाच भुलतात. ओव्हरलॅपही (लागोपाठच्या पट्ट्यांतला सामाईक भाग) वाढवा.

आयक्यू आहे तर खालचा साइडबँडही (कॅरिअरच्या दुसऱ्या बाजूची तीच प्रत) बघा. एकाच स्टेशनाचा टोन असेल तर कॅरिअरच्या खाली १ किलोहर्ट्झला तीच तुटक रेषा हवी. फेडिंग दोन्हीकडे एकाच वेळी होईलच असं नाही, त्यामुळे वर गळालेलं टिंब खाली सापडू शकतं. शिवाय दोन्ही रेषांचा मध्य काढा, तो नेमका त्या स्टेशनाचा कॅरिअर. तिकडे कॅरिअर २० हर्ट्झपर्यंत इकडेतिकडे असला तरी चालतो, त्यामुळे गर्दीतही प्रत्येकाची रेषा जराशी वेगळी पडते.

आणि ते चित्र कॉलसाइन माहीत नसलेल्या माणसाला द्या. मोर्स येत नसला तरी चालेल, लांब-आखूड तेवढं लिहून घ्या.

धागाकर्ता:

३२७६८ वर पहिलं टिंब आलं! खालच्या साइडबँडला तर वरच्यापेक्षा ठळक. बायकोने न सांगता टिंब-रेघ-रेघ लिहिलं, दुसरं अक्षरही जुळलं. तिसऱ्याच्या मधोमध फेड आहे, तिथे दोन्ही बाजू कोऱ्या. रिपोर्टमध्ये ते अक्षर रिकामं सोडून क्लिप जोडावी म्हणतो. कोणी असा अर्धवट रिपोर्ट पाठवलाय का? उत्तर आलं का?