पार्किंगमधला नवा लाइट आणि नानांचे डोळे

मेधा, सी-303: नमस्कार. पार्किंगमधला तो नवा पांढरा लाइट खाली कधी वळवणार आहात? नाना आत्ता कीर्तनाहून आले, गेटमधून वळले आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरंफटक. तुळशीच्या कुंडीला अडखळून पडले, गुडघा फुटलाय. मी याबद्दल तीनदा बोलले आहे.

देशमुख, सेक्रेटरी: अरेरे! फार लागलं का? वर येऊ का मी?

मेधा: नको काका, जखम धुऊन पट्टी बांधली आहे. लाइटचं बघा.

गोखले, बी-103: लाइट सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये ठराव करून लावला आहे. दोन सायकली गेल्या तेव्हा हाच ग्रुप पेटला होता. 17 सह्या आहेत. फोटो पुन्हा टाकतो.

अभिजित, बी-204: काका, तो फोटो आता मला पाठ झालाय 😄

कुलकर्णी काकू, ए-101: मेधा, अगं मग नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन का नाही उरकून घेत? गेल्या वर्षापासून ऐकतोय आम्ही.

मेधा: गेल्या वर्षापासून नाही, जूनपासून. तारीख मिळाली होती. आदल्या दिवशी साखर 310 निघाली म्हणून डॉक्टरांनी पुढे ढकललं. आमची हौस नाही.

कुलकर्णी काकू: रागावू नकोस गं. हे बघ, मोतीबिंदू विरघळवणारे थेंब. आमच्या वन्संनी मागवलेत. मधाचे पण मिळतात.

वर्षाताई, ए-402: काकू, हात जोडून सांगते, ते थेंब नानांच्या डोळ्यांत घालू नका. मधाचे तर अजिबात नकोत, डोळ्याला इन्फेक्शन झालं तर ऑपरेशन आणखी लांबेल. मी 30 वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली आहे. आत काय बिघडतं ते सांगते, म्हणजे थेंबांनी का भागत नाही ते कळेल.

अभिजित: सरकून बसा सगळे, मॅडमचा तास सुरू.

वर्षाताई: अभिजित, तुझ्या बाबांनाही डायबेटिस आहे. तूही वाच.

वर्षाताई: डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिनी नसते. त्याला साखर मिळते ती डोळ्याच्या आत भरलेल्या पाण्यासारख्या द्रवातून, अश्रूंतून नव्हे. स्नायूंना साखर आत घ्यायला इन्शुलिन लागतं, भिंगाला लागत नाही. त्याचं दार कायम उघडं. रक्तात साखर चढली की भिंगातही चढते. एरवी हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम ती कामाला लावतं. त्याच्या आवाक्याबाहेर गेलेली साखर अल्डोज रिडक्टेज नावाच्या दुसऱ्या एन्झाइमकडे जाते आणि तिचं सॉर्बिटॉल होतं. सॉर्बिटॉल पेशीच्या भिंतीतून सहज बाहेर पडत नाही. त्याचं फ्रुक्टोज व्हायचं, तेही सावकाश. मग ते आत साठतं आणि पाणी ओढतं. मनुका भिजत घातल्या की फुगतात ना, तसे भिंगाचे तंतू फुगतात.

मेधा: म्हणूनच का चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? ऑगस्टमध्ये नवीन चष्मा केला, तीन आठवड्यांत नाना म्हणाले याने दिसत नाही. दुकानदाराशी मी भांडून आले.

वर्षाताई: दुकानदाराची चूक नसणार गं. साखर वरखाली झाली की भिंगाचा आकार बदलतो आणि नंबरही हलतो. काही आठवडे साखर एका जागी राहीपर्यंत नवीन चष्मा करू नका.

गोखले: विषय लाइटचा होता. ठराव 17 सह्यांनी झालेला आहे.

कुलकर्णी काकू: थांबा थांबा. सॉर्बिटॉल? मी दिवाळीसाठी शुगरफ्री लाडू सांगितलेत, त्या डब्यावर हेच लिहिलंय! म्हणजे मी पैसे देऊन मोतीबिंदू विकत आणतेय?

सावंत, सी-102: मी तेव्हाच म्हटलं होतं, घरी करा. पण ऐकतंय कोण.

कुलकर्णी काकू: तुम्ही किती करता घरी ते माहीत आहे आम्हाला.

वर्षाताई: काकू, लाडवातलं सॉर्बिटॉल डोळ्यात जात नाही. आतड्यातून ते पूर्ण शोषलं जात नाही आणि जे जातं ते यकृत निस्तरतं. भिंगातलं सॉर्बिटॉल भिंग स्वतःच बनवतं, रक्तातल्या साखरेपासून. मात्र शुगरफ्री लाडवातही पीठ आणि तूप असतंच, त्यामुळे दोनाचे चार करू नका. आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडेल ते वेगळं.

सावंत: हा मेसेज डिलीट केला आहे

देशमुख: सावंतसाहेब, मी वाचला. दिवाळी आहे, जाऊ द्या.

अभिजित: ताई, हे सॉर्बिटॉलचं पहिल्यांदा कुणी शोधलं? खरंच विचारतोय.

वर्षाताई: 1959 साली ऑक्सफर्डच्या रूथ व्हॅन हेनिंगेन यांना डायबेटिस झालेल्या उंदरांच्या भिंगात ते सापडलं. पण तेवढ्यावर थांबू नकोस. माणसाच्या भिंगात अल्डोज रिडक्टेज त्या उंदरांच्या मानाने कमी असतं, म्हणून नानांच्या वयाच्या माणसात सगळा दोष सॉर्बिटॉलवर टाकता येत नाही. दुसरं कारण मला जास्त काळजीचं वाटतं. बासुंदी आटवताना दुधाला तांबूस रंग येतो, तो दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटल्यामुळे. भिंगातल्या क्रिस्टॅलिन नावाच्या प्रथिनांचं तेच होतं, फक्त गॅसशिवाय आणि वर्षानुवर्षं. भिंगाच्या मधल्या भागातलं प्रथिन जन्माआधीपासूनचं असतं, ते बदलून नवीन येत नाही. साखर चिकटली की चिकटली. प्रथिनांच्या गुठळ्या होतात, त्यावर आलेला प्रकाश सरळ आत न जाता चहूकडे पसरतो. मेधा, नानांना आज गेटपाशी पांढरं दिसलं ते हेच.

मेधा: ताई, मला वाटत होतं नाना उगाच कुरकुर करतात. दिव्याभोवती कापूस पिंजल्यासारखं दिसतं म्हणतात.

वर्षाताई: कुरकुर नाही गं ती. अजून एक राहिलं. सॉर्बिटॉल बनवताना एनएडीपीएच नावाचं पेशीतलं मदतनीस रसायन खर्ची पडतं. त्याच एनएडीपीएचवर ग्लुटाथायोन ताजं राहतं, आणि ग्लुटाथायोन म्हणजे भिंगाचा राखणदार. राखणदार दमला की ऑक्सिडेशनचा मारा प्रथिनांवर. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं.

अभिजित: बाबांना पायाच्या मुंग्यांसाठी एपालरेस्टॅट नावाची गोळी देतात. डॉक्टर म्हणाले होते ती अल्डोज रिडक्टेज अडवते. मग मोतीबिंदूला का नाही देत?

वर्षाताई: प्रश्न बरोबर आहे. अशा औषधांनी प्राण्यांचा मोतीबिंदू लांबवता आला, माणसाच्या मोतीबिंदूसाठी मात्र त्यातलं एकही मान्य झालेलं नाही. एकदा गढूळ झालेलं भिंग काढून नवीन बसवावं लागतं. काकू, म्हणून थेंब नकोत.

कुलकर्णी काकू: बरं. वन्संना आत्ताच फोन करते. त्यांनी चार बाटल्या घेतल्यात गं.

सावंत: पण पिकल्याशिवाय काढत नाहीत ना मोतीबिंदू?

वर्षाताई: ते जुनं झालं. आता पिकायची वाट बघत नाहीत, दगडासारखा झाला की उलट काढायला अवघड. मेधा, साखर आटोक्यात आली की लगेच तारीख घे. पडदाही तपासून घे, डायबेटिसमध्ये तिथेही बिघाड होतो आणि मोतीबिंदूमुळे तो झाकला जातो.

मेधा: या आठवड्यात उपाशीपोटीची साखर 150 च्या आत आहे. नाना तळजाईच्या टेकडीवर रोज फिरायला जातायत, चहा बिनसाखरेचा घेतायत. फक्त दिवाळीत त्यांच्यापुढे ताट सरकवू नका कुणी, एवढी विनंती.

कुलकर्णी काकू: मी त्यांच्यासाठी भाजके पोहे आणि शेंगदाणे वेगळे काढते. लाडू आणत नाही वर.

गोखले: ठराव 17 सह्यांनी

देशमुख: गोखले, ठराव मान्य आहे. लाइट काढत नाही, तोंड भिंतीकडे वळवतो आणि पांढऱ्याऐवजी पिवळा बल्ब लावतो. चालेल?

गोखले: ठरावात कोन लिहिलेला नाही. माझ्या वडिलांनाही शेवटी शेवटी असंच दिसायचं, आम्ही त्यांच्यावर ओरडायचो. वायरमनची वाट बघू नका. शिडी माझ्याकडे आहे, सकाळी 7 ला मी स्वतः धरतो.

मेधा: 7 ला खाली येते काका. नानांची साखर त्याआधी बघून.